प्रेझेंटेशन नको, चूक आणा : साइटवाले आणि स्क्रीनवाल्यांचा एरंडवण्यातला कट्टा

तिसरा_मजला (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ९.१०

मंडळी, मागे बिमवरून (इमारत आधी माहितीसकट कंप्युटरवर थ्री-डीत उभी करायची पद्धत) इथे खडाजंगी झाली तेव्हा 'एकदा भेटूनच बोलू' असं ठरलं होतं. ते काल झालं. एरंडवण्यात मित्राचं ऑफिस आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आर्किटेक्टचं ऑफिस असल्यामुळे त्यावरचे विनोद जिन्यातच उरकले. चौदा जण आले, खुर्च्या नऊ. बाकीचे टाइलच्या सँपलच्या खोक्यांवर बसले.

अट एकच होती. प्रेझेंटेशन आणायचं नाही, चूक आणायची, आणि तीही स्वतःची. सॉफ्टवेअर किती भारी आहे ते हॉटेलात जेवण घालून सांगणारी माणसं आहेतच, त्यासाठी आपला शनिवार कशाला?

सुरुवात माझ्यावर आली. कोथरूडकडचं एक पुनर्विकासाचं काम, पार्किंग अधिक सात मजले. मॉडेल रेव्हिटमध्ये, म्हणजे बिमच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिसऱ्या स्लॅबच्या आदल्या दिवशी प्लंबिंगवाल्याने टॉयलेटचा उभा पाइप नऊ इंच सरकवला. मी मॉडेलमध्ये बीममधली स्लीव्ह (पाइप जायला ठेवायचं भोक) हलवली, शीट काढलं, पीडीएफ केली आणि रात्री साडेनऊला साइटच्या ग्रुपवर टाकली. फक्त कोपऱ्यातल्या चौकटीत रिव्हिजनचा (कितवी सुधारणा त्याचा) आकडा बदलायला विसरलो. म्हणजे ग्रुपवर दोन वेगळी ड्रॉइंगं आणि दोन्हींवर आर-३. सुपरवायझरने नाव पाहिलं, 'हे तर आलंय आपल्याकडे' म्हणाला आणि उघडलंच नाही. सकाळी आठला काँक्रीट सुरू. स्लीव्ह जुन्या जागी.

नंतर कोअर कटिंगवाला, म्हणजे तयार काँक्रीटला गोल भोक पाडणारा, बोलावला. मशिनमधून काँक्रीटचा गोल ठोकळा निघाला, त्याच्या कडेला कापलेल्या रिंगेचा (सळयांभोवतीच्या लोखंडी कड्याचा) चकचकीत ठिपका. स्ट्रक्चरलवाल्याने ठोकळा हातात घेतला, फिरवून पाहिला, काही बोलला नाही. बीमला पुढे पोलादी पट्ट्या लावून मजबुती द्यावी लागली आणि तो खर्च माझ्या फीमधून गेला. ठोकळा आता माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून असतो. काल तो चौदाही जणांच्या हातातून फिरला.

मॉडेल त्या दिवशीही बरोबर होतं. आजही बरोबरच आहे.

बाकीच्यांच्या चुका थोडक्यात. एकाने मिलिमीटरची फाइल इंचात उघडली. एकीने दुसऱ्याच बिल्डिंगच्या पार्किंगवर रात्रभर रेंडर लावला. एका क्लाएंटने एआयकडून काढलेलं घराचं चित्र आणलं, 'अस्संच हवं' म्हणून, आणि त्या जिन्याची वरची पायरी थेट भिंतीत शिरत होती. (ही खरं तर चूक नव्हे, पण हशा चांगला झाला म्हणून धरली.)

खरा मुद्दा सव्वाआठनंतर आला. एका ठेकेदाराने आपल्या फिटर (सळया कापून बांधणाऱ्यांच्या) मुकादमांना सोबत आणलं होतं. माणूस सोलापूरकडचा, सगळे त्यांना मामा म्हणत होते. तोवर ते खोक्यावर गप्प बसून होते. एका तरुण इंजिनिअरने स्टीलची कटिंग लिस्ट काढणारा स्वतःचा प्रोग्रॅम दाखवला. १२ मीटरच्या सळईतून कुठले तुकडे एकत्र कापले तर कमी वाया जाईल, ते तो जुळवतो. वजन नेहमीचंच, व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीच्या सळईला मीटरला ०.८८८ किलो. कागदावर वाया जाणारं लोखंड दीड टक्क्यावर आलं होतं, साइटवर काही केल्या जमेना. त्याची चूक ती हीच, पण कुठे चुकलं ते त्याला उमगत नव्हतं.

मामा म्हणाले, 'बारा मीटर सरळ सळई आमच्याकडं येतीच कुठं? गाडीत बसावी म्हणून मधनं दुमडून येती. कितीबी सरळ करा, बाक राहतोच. आम्ही पहिला काप बाकापाशी बघतो. तुमचा काप दुसरीकडं पडला की तो बाक कॉलमात उभा राहतो.'

प्रोग्रॅममध्ये ती घडी कुठेच नव्हती. मुलाने वही काढली आणि पुढचा पाऊण तास दोघेच बोलत बसले. तो १२ म्हणतो, मामा चार सूत म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. १० ची तीन सुती, १६ ची पाच सुती, २५ ची आठ सुती. दशमान मापांचा कायदा १९५६ चा. साइटवर तो अजून जिना चढतोय.

तर विचारायचं एवढंच. तुमच्या शेवटच्या स्लॅबच्या दिवशी साइटवर नेमकं कुठलं ड्रॉइंग होतं? आणि ते तुम्हाला कसं माहीत?

---

ठेकेदारपुत्र | रविवार, ९.५५

आमच्याकडे पीडीएफपर्यंतही मजल नाही. साहेब लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो काढून पाठवतात. व्हॉट्सॲप तो आणखी चुरगाळतं. मागच्या महिन्यात रिंगांचं अंतर १५० चं १८० वाचलं गेलं. टेप लावायला मी स्वतः गेलो म्हणून सापडलं, नाहीतर गेलंच होतं काँक्रीटखाली. आता एकच नियम केलाय, फाइल 'डॉक्युमेंट' म्हणूनच टाकायची. साहेबांना तो नियम अजून पाठ व्हायचाय.

---

ओळंबा | रविवार, ११.२०

मला यायला जमलं नाही, तीन मजले गुडघ्यांना झेपत नाहीत. पण लिहितो.

३४ वर्षं सरकारी खात्यात काढली. आमच्या वेळी ट्रेसिंगवर शाईने काढायचं, चुकलं की ब्लेडने खरवडायचं, मग अमोनिया प्रिंट. त्या खोलीतून बाहेर आलेला माणूस रडून आलाय असं वाटायचं. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही, माझ्या फुप्फुसांना विचारा.

पण एक पद्धत होती. साइटला नवा प्रिंट द्यायचा तो जुना हातात आल्यावरच. जुना समोर फाडायचा, रजिस्टरात तारीख आणि दोघांच्या सह्या. गवंड्याच्या खिशात एका वेळी एकच कागद. तुम्ही आता पाठवता तेव्हा परत काही घेता का? ग्रुपवर आर-१ पासून आर-७ पर्यंत सगळे मुक्कामाला असतात आणि ज्याला जो आधी सापडेल तो उघडतो. काढणं सोपं झालं, पाठवणं सोपं झालं. परत घेणं कुणी शोधलंच नाही.

---

मॉडेलवाली | रविवार, १२.०५

ओळंबा काका, शोधलंय, पण आपल्यासाठी नाही. :)

मी बाणेरला बसून इंग्लंडमधल्या इमारती मॉडेल करते. ४ एप्रिल २०१६ पासून तिथल्या केंद्र सरकारच्या कामांना बिम लेव्हल-२ सक्तीचं झालं आणि इथे आमच्या पोटापाण्याची सोय झाली. पुढे २०१८ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १९६५०, आलं. त्यात प्रत्येक फाइलची अवस्था ठरलेली असते. काम चालू, इतरांना बघायला दिलेली, बांधायला दिलेली आणि जमा. जमा झालेली फाइल साइटवरच्या माणसाला दिसतच नाही. तुमचं रजिस्टर आणि आमचं सीडीई (सगळ्यांच्या फाइली ठेवायची एकच ऑनलाइन जागा) एकच आहे, फक्त आमच्याला वर्षाचं भाडं आहे.

आणि माझी चूक, जी मी काल सांगितली. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या फॉल्स सीलिंगमधला प्रत्येक पाइप मला पाठ आहे. वाकडच्या माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात फिल्टर लावायला भिंतीत भोक पाडलं तर धो धो पाणी. प्लंबर येईपर्यंत मी अंगठा दाबून उभी. सोसायटीकडे पाइपचा नकाशा मागितला तर मंजूर नकाशाची झेरॉक्स मिळाली. त्यात पाइप कुठून असणार?

---

सळई | रविवार, १२.४०

क्लॅश डिटेक्शनबद्दल (मॉडेलमध्ये काय कशावर आदळतंय ते शोधण्याबद्दल) काल बोलणं झालं का? आमच्याकडे पहिल्यांदा ते शोधणारं नॅव्हिसवर्क्स चालवलं तेव्हा ११०० क्लॅश आले. ऑफिसात सुतकी शांतता.

---

मॉडेलवाली | रविवार, १२.५२

झालं की. ११०० मधले हजार असेच असतात. पाइपाचं आवरण स्लीव्हला घासतंय, सॉकेट भिंतीत शिरलंय (अहो, शिरणारच, ते भिंतीतलंच आहे). आधी नियम लावायचे, कशाविरुद्ध काय तपासायचं ते. बीमविरुद्ध हवेचा डक्ट आधी, सॉकेट शेवटी. आणि मीटिंगमध्ये आकडा सांगायचा नाही, जागा सांगायची. 'पाचव्या मजल्यावर लिफ्टसमोर डक्टमुळे उंची सात फूट राहते' म्हटलं की सगळे जागे होतात.

---

फुकटशास्त्री | रविवार, २.१५

धाग्यावर जो तो रेव्हिट-रेव्हिट करतोय म्हणून थोडा इतिहास. ऑटोडेस्कचं ऑटोकॅड डिसेंबर १९८२ चं. रेव्हिट २००० साली वेगळ्याच छोट्या कंपनीने काढलं, २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी १३.३ कोटी डॉलरला घेतली. २०१६ पासून कायमचा परवाना विकणं बंद, तेव्हापासून भाडं. भाडं थकलं की तुमच्याच घराला तुम्हाला हात लावू देणार नाही. पुण्यातल्या किती लहान ऑफिसांत खरा परवाना आहे, हा प्रश्न मी कुणालाच विचारत नाही, मैत्री टिकवायची असते.

फुकट पर्याय आहेत. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरवर बसणारं बोन्साय आहे (आधीचं नाव ब्लेंडरबिम), ते थेट आयएफसीमध्येच (मॉडेलच्या खुल्या फाइल-प्रकारात) काम करतं. आयएफसी २०१३ पासून आयएसओ १६७३९ आहे, कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. घराची माहिती आयएफसीत ठेवा, मग उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी घर तुमचंच.

---

सळई | रविवार, २.४०

शास्त्रीबुवा, तत्त्वतः मान्य. पण परवानगीला काय जोडू? ऑनलाइन मंजुरीला ठरावीक लेयरची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) लागते. प्रत्येक खोलीची रेघ बंद पॉलिलाइन हवी. एका कोपऱ्यात केसभर फट राहिली की क्षेत्रफळ शून्य आणि प्रकरण परत. मी एकदा बाल्कनीच्या अशाच एका फटीपायी चार दिवस घालवले. युडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) डिसेंबर २०२० मध्ये आलं, नियम बहुतेक राज्याला एकसारखे झाले, चांगलंच झालं. पण परिणामी आम्ही घर दोनदा काढतो, एकदा मंजुरीसाठी आणि एकदा बांधण्यासाठी.

---

फुकटशास्त्री | रविवार, २.४६

तिसऱ्यांदाही काढता. विक्रीच्या ब्रोशरसाठी. त्यात सोफा नेहमी पाऊण आकाराचा असतो.

---

कडीपाट | रविवार, ५.३०

मी काल होतो, पण बोलायची वेळ आली तेव्हा पॅटिस आले.

माझं काम जुन्या वाड्यांचं. कसबा पेठेतल्या एका वाड्याचं लेझर स्कॅन केलं. दोन दिवस, खोलीखोलीत तिवई ठेवून. हाती आला ठिपक्यांचा ढग. फार देखणा प्रकार असतो तो, कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) फळ्यांमधल्या भेगासुद्धा दिसतात. मग ऑफिसातल्या मुलाने त्यावरून मॉडेल केलं आणि सगळ्या भिंती ९० अंशांत आणून ठेवल्या. सॉफ्टवेअरला काटकोन आवडतो आणि मुलाला सॉफ्टवेअर. वाड्यात एकही काटकोन नव्हता. खालच्या मजल्याची भिंत वरच्यापेक्षा जाड, एका खणाची रुंदी दुसऱ्या खणाला जुळत नाही. (नव्या मंडळींसाठी, खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. आपल्याकडे घर खणांवर मोजायचे. 'पाच खणांचं घर' म्हटलं की सुताराला पुढचं कळायचं.)

माझी चूक पुढची. ओसरीची फरशी चौकाकडे उतरलेली दिसली, ढगात मोजली तर सगळीकडे जवळपास सारखाच उतार. मी 'जमीन खचली आहे' असं अहवालात लिहिलं. तिथल्या आजी वाचून म्हणाल्या, 'खचली नाही हो, मुद्दाम आहे. ओसरी धुतली की पाणी चौकात जातं.' अहवाल परत काढला. स्कॅनरने उतार बरोबर मोजला होता, त्याचा अर्थ मी लावला होता.

---

ओळंबा | रविवार, ६.१०

कडीपाट, झकास. आजींना पुढच्या कट्ट्याला बोलवा, तळमजल्यावर घेणार असाल तर मीही येतो.

लेझरवरून आठवलं. नातवाने मला हिरव्या रेषेचं लेव्हल यंत्र आणून दिलं. घरात उत्तम. गच्चीवर दुपारी बाराला रेषाच दिसेना. शेवटी पाणीनळी काढली. तिला चार्जिंग लागत नाही, फक्त आत बुडबुडा राहिला नाही ना, तेवढं बघावं लागतं.

---

वाचनमात्र | रविवार, ९.२५

पहिल्यांदाच लिहितेय. मी तुमच्या क्षेत्रातली नाही, फ्लॅटमध्ये राहते एवढंच. मॉडेलवाली तैंचं वाचून प्रश्न पडला. एवढं सगळं मॉडेल करता, ते आम्हाला मिळतं का? आमच्या सोसायटीत गळती आहे आणि पाणी कुठून येतंय ते शोधायला आतापर्यंत तीन फ्लॅटच्या टाइल्स फोडून झाल्या.

---

सळई | रविवार, ९.५०

ताई, रेराच्या (घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्याच्या) कलम १७ प्रमाणे कागदपत्रं आणि नकाशे सोसायटीकडे द्यावे लागतात. पण मागताना 'मंजूर नकाशे' एवढंच लिहू नका. 'प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे प्लंबिंग, ड्रेनेज, इलेक्ट्रिकल' असं वेगवेगळं लिहा. स्ट्रक्चरलचंही मागा. ड्रॉइंगं आली की पीडीएफ तीन जणांकडे ठेवा, समिती बदलली की पेन ड्राइव्ह हरवतोच. आणि तोवर आणखी टाइल फोडू नका, आधी एकेका लाइनचं पाणी बंद करून प्रेशर टेस्ट करून घ्या.

---

ओळंबा | सोमवार, सकाळी ७.३०

वाचनमात्र, प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणेचं ड्रॉइंग ही आपल्याकडची सर्वात दुर्मीळ वस्तू. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल आठवतो? २ ऑक्टोबर २०२२, रात्री एकच्या सुमारास, ६०० किलो स्फोटकं. आम्ही सगळे टीव्हीपुढे डोळे ताणून. धूर ओसरला तर पूल पूर्ण पडलेलाच नाही. काँक्रीट फुटलं होतं, सळयांनी धरून ठेवलं होतं. उरलेला मशिननी पाडला. अंदाजापेक्षा जास्त लोखंड निघालं, असं तेव्हा सांगण्यात आलं. लोकांनी हसून घेतलं, मला मात्र बांधणाऱ्यांचा हेवा वाटला. आणि आतलं लोखंड सांगणारा कागद नेमक्या वेळी हाताशी असणं काय चीज असते, तेही कळलं.

---

ठेकेदारपुत्र | सोमवार, १०.१५

महामेट्रोने नागपुरात आणि मग पुण्यात फाइव्ह-डी बिम वापरलं ना? म्हणजे मॉडेलला वेळ आणि पैसे दोन्ही जोडलेले. तिथे जमतं, मग आपल्या चार-सात मजल्यांना का नाही?

---

मॉडेलवाली | सोमवार, १०.४०

तिथे मॉडेल ताजं ठेवायला पगारी माणसं असतात. आपल्याकडे मॉडेल ताजं ठेवणारा माणूस म्हणजे रात्री साडेनऊला पीडीएफ टाकणारा तिसरा_मजला.

---

तिसरा_मजला | सोमवार, १०.५५

घ्या. पेपरवेट दाखवला तो दाखवला.

काकांची पद्धत उद्यापासून करून बघतो. ड्रॉइंग कागदावरच द्यायचं, प्रत्येक रिव्हिजनचा रंग वेगळा, आर-४ पिवळं, आर-५ गुलाबी. कोपऱ्यात क्यूआर कोड. स्कॅन केला की 'चालू' किंवा 'रद्द' एवढंच दिसेल.

---

ठेकेदारपुत्र | सोमवार, ११.०२

बेसमेंटमध्ये नेटवर्क नसतं हो. क्यूआर राहू दे, रंग ठेवा. 'आज गुलाबी' असं गेटवर खडूने लिहिलं तरी पुरे.

---

तिसरा_मजला | शनिवार, रात्री ८.४०

आठवडाभराचा अहवाल. रंग चालला. क्यूआर मी सोडून कुणी स्कॅन केला नाही. खडूचा फळा सगळ्यात जास्त चालला, वॉचमनसुद्धा 'आज गुलाबी' म्हणून सांगायला लागलाय.

फाडण्याचं मात्र वेगळंच झालं. गुरुवारी आर-५ द्यायला गेलो, जुनं पिवळं शीट मागितलं. फिटर देईना. (तेच मामा. माझ्या साइटचं स्टील आता त्यांच्याकडे आहे, कट्ट्याचा तेवढा फायदा झाला.) म्हणाले, 'फाडू नका सायेब, त्याच्यावर लिवलंय.' उलटं करून बघितलं तर पाठीमागे पेन्सिलीने जिन्याजवळच्या एका कॉलमाची आकृती. 'फुगा, दीड इंच.' शटरिंग सुटलं तेव्हा कॉलम फुगलेला निघाला होता, म्हणून त्यांनी पुढच्या मजल्याच्या डॉवेलचं (वर सोडलेल्या सळयांचं) माप त्यानुसार धरलं होतं. मॉडेलमध्ये तो कॉलम अगदी सरळ. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

आता जुनी शीटं फाडत नाही, ऑफिसात आणतो. पाठ आधी वाचतो. आत्तापर्यंत चार शीटं आली, दोनांच्या पाठीवर काही ना काही होतं. एकावर चहाचा हिशेब.

---

ओळंबा | शनिवार, ९.०५

आमच्या रजिस्टरात सह्यांच्या शेजारी 'शेरा' असा एक रकाना होता. परत आलेल्या प्रिंटवर साइटने काही लिहिलं असेल तर ते आधी तिथे उतरवायचं, मगच फाडायचं. तो सांगायचा राहिला माझ्याकडून.

पुढचा कट्टा तळमजल्यावर आहे का?

---

कडीपाट | शनिवार, ९.३०

वाड्याच्या ओसरीवर घेऊ. आजी हो म्हणाल्यात, फक्त सहानंतर या म्हणाल्या, त्याआधी ओसरी धुतात.